सहीला घरी येणारी वही

दुपारचे साडेचार झाले होते. शाळा नुकतीच सुटली होती. पाचवीतली एक पोर लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही छातीशी धरून दारात उभी. "काकू, सरांनी सही मागितलीय." मी हात पुसले, वही उघडली. शाळा व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेचं इतिवृत्त होतं. तारीख परवाची, वेळ सकाळी अकराची. उपस्थित सदस्यांत माझं नाव. विषय पाच, आणि पाचही 'सर्वानुमते मंजूर'. परवा अकरा वाजता मी सोयाबीन काढत होते. सभा झालीच नव्हती.

मी सही केली. पोर उन्हातून आली होती, तिला अजून चार घरं हिंडायची होती, आणि आपलं पोरगं ज्या शाळेत आहे तिथल्या सरांशी वाकडं कशाला घ्या, असंही मनात आलंच.

त्या पाच विषयांतला एक शाळेच्या अनुदानाच्या खर्चाचा होता. पुढे त्या पैशांतून पटांगणाच्या भिंतीवर रंगीत चित्रं आली. चांगली आली, मुलांना आवडलीसुद्धा. पण मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरायची. काही मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. शाळेतल्या बहुतेक मुलींच्या आयांना हे माहीत होतं. ठराव लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्याकडे वही फक्त सहीला गेली.

मुलांसाठीच्या सेवांचे निर्णय घेताना पालकांना सोबत घ्यायचं म्हणजे काय, हे मला या कडीवरून समजलं. पालक शहाणे असतात आणि शिक्षक नसतात, असं मला म्हणायचं नाही. घरातल्या माणसाला मुलाबद्दल काही गोष्टी ठाऊक असतात आणि त्या कुठल्याच तक्त्यात भरल्या जात नाहीत. ती माहिती ठराव होण्याआधी टेबलावर आली तरच तिचा उपयोग. आपल्याकडे कायद्याने त्यासाठी बऱ्याच जागा करून ठेवल्या आहेत. त्या कुठे आहेत आणि कशा चालतात, ते एकेक करून सांगते.

शाळेपासून सुरुवात करू, कारण तिथे पालकांचा अधिकार सगळ्यात मोठा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून देशभर लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळेत व्यवस्थापन समिती हवी, आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आकड्यांत मांडून बघा. समिती १६ जणांची असेल तर १२ पालक आणि एकूण ८ बायका. शाळेतली निम्मी मुलं तांड्यावरून येत असतील तर पालकांमधल्या निम्म्या जागा तांड्यावरच्या लोकांच्या. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक हे सचिव. सभा बोलावणं आणि इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. समितीची मुदत दोन वर्षं, आणि सभा महिन्यातून किमान एकदा.

म्हणजे मतदानाची वेळ आली तर पालकांचं पारडं नेहमीच जड. गावात हे फार थोड्यांना माहीत असतं. बहुतेक पालकांना वाटतं, आपण पाहुणे म्हणून बसलोय.

एक फरक लक्षात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांमध्ये ही समिती फक्त सल्ला देते. विनाअनुदानित खासगी शाळांना तर हे कलमच लागू नाही. तिथे महाराष्ट्रात दुसरा कायदा आहे, शुल्क विनियमनाचा, २०११ सालचा. त्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यातले पालक सदस्य सोडत काढून ठरतात, आणि फीवाढीचा प्रस्ताव आधी या समितीपुढे यावा लागतो. शहरातल्या वाचकांनी आपल्या शाळेत ही सोडत कधी निघाली ते जरूर विचारावं. फीवाढीची चिठ्ठी हातात पडल्यावर ओरडण्यापेक्षा सोडतीच्या दिवशी हजर राहिलेलं बरं.

आता समिती करते काय? कायद्यात तीन मुख्य कामं सांगितली आहेत: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, आणि आलेल्या अनुदानाचा वापर कसा होतो ते पाहणं. यातला आराखडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. केंद्राच्या नमुना नियमांत हा आराखडा तीन वर्षांचा धरलेला आहे, वर्षवार फोड करून. पुढल्या वर्षी कुठल्या वर्गात किती मुलं येतील, शिक्षक किती लागतील, खोल्या आणि सोयी काय हव्यात, पैसे किती लागतील, असं सगळं त्यात यायचं. आणि कलम २२ सांगतं की सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेसाठी जे नियोजन करायचं, जे अनुदान द्यायचं, त्याला आधार याच आराखड्याचा. आराखड्यात कडी लिहिलेलीच नसेल तर वरून ती कोण पाठवणार?

उदाहरण घेऊ. पहिली ते पाचवीची शाळा, पट ८५. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक. दोनच असतील तर तिसऱ्याची मागणी आराखड्यात लेखी जायला हवी. समग्र शिक्षा योजनेत शाळेला एकत्रित अनुदान मिळतं, तेही पटावर अवलंबून: ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. आपल्या ८५ च्या शाळेला २५ हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे अडीच हजार. दाराची कडी, बिजागरी आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी यात आरामात बसते. पैसा होता. विषय सभेपुढे आला नव्हता, एवढंच.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. हे आकडे शाळेच्या भिंतीवर असतातच. पण आमटी रोज पातळ येते की नाही, हे घरी आल्यावर पोरगं 'आई, भूक लागली' कुठल्या आवाजात म्हणतं त्यावरून कळतं. आहार वाढण्याआधी शिक्षकांबरोबर इतर मोठ्या माणसांनीही तो चाखायचा असतो. आयांनी पाळ्या लावून ते केलं तर आमटीत फरक पडतो. मी पडलेला पाहिलाय.

मग इतका अधिकार असून सभा कागदावरच का होते? मला यात कुणा एकाला दोषी धरवत नाही. दोन शिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक पाच वर्ग शिकवतो, आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो, तालुक्याच्या बैठकीला जातो. सभा बोलावली आणि कोरम भरला नाही तर त्यालाच जाब विचारतात. म्हणून वही घरोघर फिरते. पालकांच्या बाजूनेही अडचणी खऱ्या आहेत. सकाळी अकराची सभा म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी. निरोप व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातो. ग्रुपमध्ये नंबर बापाचा, सदस्य आई. बाप निरोप वाचतो आणि विसरतो. किंवा विसरत नाही, स्वतःच जाऊन बसतो. बायका आल्याच तर सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर. मग 'उपयोगिता प्रमाणपत्र', 'प्रशासकीय मान्यता' असे शब्द सुरू होतात आणि सतरंजीवरचा आवाज बंद होतो. कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या आईचं काय होत असेल, याची कल्पनाच करा.

यावरचे उपाय साधे आहेत. सभा संध्याकाळी सातला घ्यायची. बाजाराचा दिवस टाळायचा. निरोप मुलांच्या वहीत लिहून द्यायचा आणि आईच्या नावाने द्यायचा. विषय चार दिवस आधी सांगायचे, कारण मनात घोळल्याशिवाय माणूस बोलत नाही. आलेले आणि खर्च झालेले पैसे फळ्यावर खडूने लिहायचे, सगळ्यांना दिसतील असे. बसायचं तर सगळ्यांनी खाली. आणि पहिला प्रश्न 'काही अडचण आहे का?' असा विचारायचा नाही, कारण त्याला 'नाही' हे एकच उत्तर येतं. 'तुमचं पोरगं शाळेतून आल्यावर पहिलं काय सांगतं?' असं विचारून पाहा. आमच्याकडे कडीची गोष्ट याच प्रश्नाला बाहेर आली.

अंगणवाडीत पालकांची जागा याहून धूसर आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे तिला पन्नास वर्षं होऊन गेली. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी आहार, लसीकरण, वजन-उंचीची नोंद, शाळापूर्व शिक्षण, सगळं तिच्यात येतं. पण शाळेसारखी, कायद्याने बहुमत दिलेली पालकांची समिती इथे नाही. आयांना मिळते ती घरपोच आहाराची पाकिटं. ती घरात कोण खातं, मूल खातं की म्हशीच्या आंबोणात जातात, हे आयांना पक्कं माहीत असतं. चव, रूप, शिजवायची पद्धत ठरवताना मात्र त्यांना कुणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं वापरा. त्यामागेही हाच विचार होता: ज्यांची मुलं खाणार, त्यांचा हात त्या अन्नाला लागावा.

महाराष्ट्रातच याचं एक चांगलं रूप आहे. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत दिवसातून एकदा गरम, पूर्ण जेवण. त्यासाठी गावातल्या बायकांची आहार समिती असते, आणि किराणा, भाजी, अंडी यांची खरेदी गावपातळीवरच होते. भाजी शिळी आली तर दुकानदार समोरच राहतो, त्याला विचारता येतं. पाकिटावरच्या पत्त्याला कोण विचारायला जाणार?

ग्रामपंचायतीकडेही एक दार आहे. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अंगणवाडीचं गळकं छप्पर, नसलेला नळ हे विषय तिथे मांडले आणि ठरावात लिहून घेतले की पुढच्या ग्रामसभेत त्यांचं काय झालं हे विचारता येतं. ठराव क्रमांक लिहून ठेवा.

इथवरच्या निर्णयांत चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. यानंतरची जागा तशी नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

समजा, वीटभट्टीवर काम करणारी एक विधवा बाई आहे. तिचा दहा वर्षांचा मुलगा रागाने घरातून निघाला, रेल्वेत बसला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्टेशनवर सापडला. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन गेला. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अशा मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. ही समिती जिल्ह्याची: एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्यांचे अधिकार. समिती त्याला बालगृहात ठेवते. तीन दिवसांनी आई पोचते. हातात आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पोराचा फोटो. तिला सांगतात, अहवाल यायचाय, पुढच्या तारखेला या. तिला वाटतं पोर सरकारने काढून घेतलं. समोरच्याला वाटतं, पोर पळून जातं म्हणजे घरात काहीतरी गडबड असणार. दोघांच्याही भीतीला कारण आहे.

इथे कायदा काय म्हणतो ते या आईला कुणीतरी तिच्या भाषेत सांगायला हवं. मुलाची काळजी घेण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे, ही दोन्ही तत्त्वं या कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलेली आहेत. मुलाचं म्हणणं ऐकून घेणं हेही तिथेच आहे. मग सामाजिक तपासणी होते. कुणीतरी घरी येतं, शेजाऱ्यांशी, शाळेशी, आईशी बोलतं आणि अहवाल लिहितं. ही तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी आणि अंतिम आदेश चार महिन्यांच्या आत. या अख्ख्या प्रक्रियेत कुटुंबाचं बोलणं कागदावर उतरतं ते मुख्यतः या अहवालात. म्हणून तपासणीला माणूस येईल तेव्हा घर झाडून ठेवण्यापेक्षा बोलायची तयारी ठेवावी. आपण कामावर असतो तेव्हा मूल कुणाकडे असतं, मामा-मावशी-आजी यांतलं कोण हात देऊ शकतं, शाळा का सुटली, आपल्याला कशाची मदत लागेल, हे सांगावं. 'सगळं ठीक आहे' असं म्हणणाऱ्या कुटुंबाला मदत मिळत नाही.

आणि मदत आहे. मूल संस्थेत जाण्याऐवजी घरीच वाढावं म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढवायला मदतीचे, महिना ४,००० रुपये आहेत. पती वारलेल्या, एकट्याने मूल वाढवणाऱ्या बाईला हे माहीत नसतं. गरिबी हे मूल घरातून हलवण्याचं एकमेव कारण होता कामा नये, असं संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यांचाच बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या नवव्या कलमात आहे की मूल आणि आईवडील यांना वेगळं करण्याचा प्रश्न येईल तेव्हा संबंधित सगळ्यांना कामकाजात भाग घेण्याची, आपलं म्हणणं मांडण्याची संधी मिळाली पाहिजे.

आईने तिथे तीन गोष्टी मागाव्यात. एक, कागद वाचून दाखवा, मग सही घ्या. दुसरं, आदेशाची प्रत द्या. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येतं आणि प्रतीवाचून अपील होत नाही. तिसरं, वकील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना वकील फुकट मिळतो. कुणी अडचणीत येऊन मूल समितीकडे कायमचं सोपवण्याचा कागद केलाच, तरी फेरविचाराला दोन महिने असतात. हे त्या बाईला कागद करण्याआधी सांगितलं पाहिजे, नंतर नव्हे.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते. काही मुलांना धोका घरातूनच असतो. मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाहाची घाई, यांत घरचेच सामील असतात. अशा वेळी कुटुंबाला निर्णयात घ्या म्हणणं म्हणजे मुलाला पुन्हा त्याच हातात देणं. तिथे मुलाची सुरक्षा आधी, आणि मुलाचं म्हणणं घरच्यांच्या पाठीमागे, एकट्यात ऐकलं पाहिजे. पण अशा घरातसुद्धा एखादी आत्या, एखादी आजी असते जिच्याकडे मूल निर्धास्त झोपतं. तिला शोधून विचारणं हेही कुटुंबाला सोबत घेणंच आहे.

या बाबतीत न्यूझीलंडने १९८९ मध्ये केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथल्या माओरी लोकांची मुलं सरकारी व्यवस्था सर्रास काढून नेत होती, आणि निर्णय घेताना आजी-आजोबा, काका-मामा यांना खिजगणतीतही धरत नव्हती. १९८६ मध्ये 'पुआओ-ते-अता-तू' या अहवालात माओरींनी हे परखडपणे मांडलं. मग कायदाच बदलला. मुलाबद्दल काळजीचं कारण असेल तर कुटुंबाची परिषद बोलवायची, सगळ्या भावकी-गणगोतासह. आधी अधिकारी आपली माहिती आणि चिंता सांगतात. नंतर ते खोलीबाहेर जातात. कुटुंब एकटं बसतं, भांडतं, रडतं आणि मुलासाठी योजना आखतं. मग अधिकारी आत येऊन ती तपासतात. तिथेही सगळे प्रश्न सुटले असं नाही. सरकारी देखभालीतल्या मुलांत माओरी मुलांचं प्रमाण आजही त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. तरीही अधिकाऱ्याने उठून खोलीबाहेर जायचं, ही कृती मला विसरता येत नाही. आपल्याकडे भावकी लग्नाला बसते, वाटणीला बसते. पोराच्या अडचणीसाठी तिला बसवणं आपल्याला नवं वाटायचं कारण नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. सभेत तुमचं मत वेगळं असेल तर ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि मग सही करा. 'सर्वानुमते' हा शब्द मग तिथे राहू शकत नाही. न झालेल्या सभेवर सही नको. शिक्षण हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे द्यायची; कलम ३२ प्रमाणे तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क आयोगाकडे जाता येतं. हिशेब दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. पण खरं सांगू? आधी जाऊन बोला. मी त्या वहीवर पुढच्या महिन्यात सही केली नाही, स्वतः वही घेऊन शाळेत गेले आणि सरांना म्हटलं, सभा संध्याकाळी ठेवा, माणसं मी गोळा करते. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनाही ती खोटी वही आवडत नव्हती.

पण आमच्या भागात संध्याकाळी सातनेही एक अडचण सुटत नाही. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे 'कोयता' म्हणतात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत. मुलं सोबत गेली तर शाळा बुडते. म्हणून मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, आणि ती चालवायची असतात शाळा व्यवस्थापन समितीनेच. पोरं आपल्याच शाळेत शिकतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहात, आणि बरीचशी रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. जी मुलं जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं.

म्हणजे बघा, ज्या मुलांसाठी हा निर्णय, त्यांचेच आईबाप निर्णयाच्या वेळी उसाच्या फडात. स्वयंपाकाला कोण, किराणा कुठून, मुलींची रात्रीची सोय काय, हे ठरवायला मागे उरतात जमीनवाले. आम्ही दोन गोष्टी केल्या. वसतिगृहाची सभा उचल वाटली जाण्याच्या सुमाराला, गणपतीनंतर लगेच घेतली, टोळ्या गावात असताना. आणि आईबाप गेल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या आज्यांना हंगामातल्या सभांना बोलावलं. कायद्यात 'आईवडील किंवा पालक' असा शब्द आहे, आणि सहा महिने पोराला उठवणारी, जेवू घालणारी आजी पालक नाही असं कोण म्हणेल?

पहिल्या सभेला पाच आज्या आल्या. दोन तास चालली. भाकरी गार मिळते, लहानगी दोन पोरं रात्री रडतात, फडातून आईचा फोन येतो तेव्हा पोर शाळेत असतं, असं एकेक निघत गेलं. जेवणाची वेळ अर्धा तास पुढे गेली, फोनसाठी संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरली. शेवटी सरांनी इतिवृत्त लिहिलं आणि वही फिरवायला सुरुवात केली. तिसऱ्या नंबरला बसलेल्या आजीपुढे शाईचा पॅड सरकवला. तिने हात पदरातच ठेवला.

"आधी काय लिव्हलंय ते वाच," ती म्हणाली. "मग अंगठा."

सरांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.